भोवऱ्यावर टिकतो, वजाबाकीवर का टिकत नाही?

पत्राचा सारांश : कोरोनामुळे शाळा बंद होत्या तेव्हाचं, २०२१ च्या गणपतीआधीचं, नाशिकच्या एका आईचं हे पत्र. मुलगा आठ वर्षांचा, सेमी इंग्रजी शाळेत तिसरीत. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली तेव्हा तो पहिलीत होता. दुसरी अख्खी मोबाइलवर गेली आणि तिसरीही तशीच चालली आहे. सकाळी नऊ ते बारा वर्ग, संध्याकाळी तासभर ऑनलाइन ट्यूशन. पहिली दहा मिनिटं बरी जातात, मग कॅमेरा बंद होतो आणि चिरंजीव पलंगाखाली. गणितातलं, विशेषतः हातच्याच्या वजाबाकीचं, एक उदाहरण चुकलं की पेन्सिल फेकून देतो, "मला येतच नाही" म्हणतो. आई पतसंस्थेत नोकरी करतात, वडील अंबडच्या कारखान्यात पाळीवर जातात, दिवसा घरी आजी. रात्री गृहपाठाचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा असतो. उशीर झाला की सगळ्यांसमोर नाव येतं, म्हणून आई कधीकधी डाव्या हाताने त्याची वही पुरी करतात, म्हणजे अक्षर त्याच्यासारखं दिसतं. जावेची मुलगी त्याच वर्गात आहे, ती शेवटपर्यंत बसते. वडील म्हणतात लाड झालेत, दोन फटके पडले की बसेल. आजी म्हणतात लहान आहे, शाळा उघडली की येईल सगळं. आईंच्या मनात आहे की सहामाहीत चांगले गुण मिळाले तर सायकल, असं कबूल करून पाहावं. पत्राच्या शेवटी त्या लिहितात : "हाच मुलगा गच्चीवर भोवरा घेऊन अंधार पडेपर्यंत थांबतो. हातजाळी (फेकलेला भोवरा हिसक्याने तळहातावर झेलणं) जमत नव्हती तर आठवडाभर वेळेवर जेवायला आला नाही. मग अभ्यासाच्या वेळीच याची चिकाटी कुठे जाते? स्वभावच असा असेल तर आत्ताच बदलायला हवा ना?"

ताई,

पत्राचा शेवट मी आधी घेते, कारण उत्तराचा निम्मा भाग तुम्हीच तिथे लिहून ठेवला आहे. जो मुलगा आठवडाभर एकच गोष्ट चुकत राहतो आणि जमेपर्यंत सोडत नाही, त्याला चिकाटी नाही असं मला म्हणता येणार नाही. तुम्हीही म्हणू नका, निदान त्याच्या कानावर पडेल असं नको. आठव्या वर्षी मुलं स्वतःबद्दल जे ऐकतात ते खरं धरून चालतात.

आता तो हातजाळी कशी शिकला असेल ते डोळ्यांसमोर आणा. जाळी, म्हणजे दोरी, गुंडाळली, भोवरा फेकला, हिसका मारला, भोवरा तळहातावर न येता भिंतीवर जाऊन आपटला. काय झालं हे कळायला दोन सेकंदं लागली. ते सांगायला कोणी मोठं माणूस लागलं नाही. जाळी सैल होती की हिसका लवकर बसला हे त्यालाच दिसलं, आणि लगेच पुन्हा फेकायला भोवरा हातात होता. वरच्या मजल्यावरच्या एखाद्या मोठ्या मुलाने मनगट कसं वळवायचं ते दाखवलं असेल. कंटाळा आला तेव्हा तो पाणी प्यायला आला असेल, पुन्हा गेला असेल. पन्नास वेळा चुकला, पण त्या पन्नास चुकांचा फोटो कुठल्याही ग्रुपवर गेला नाही.

मग सकाळचा वर्ग पाहा. बाईंनी फळ्यावर उदाहरण दिलं, त्याने ते सोडवलं, वही कॅमेऱ्यापुढे धरली. पडद्यावर चाळीस चौकोन. "बाई, दिसतंय का?" "बाळा, वही जरा मागे घे." तेवढ्यात कोणाच्या तरी घरातला कुकर वाजतो, कोणाचा माइक चालू राहिलेला असतो, नेट अडकतं, आणि चित्र परत येतं तेव्हा बाई पुढच्या उदाहरणावर गेलेल्या असतात. आपलं बरोबर होतं की चूक, हे त्याला कळतं दुसऱ्या दिवशी रात्री, तेही ग्रुपवर सगळ्यांना मिळून आलेल्या एका अंगठ्याच्या चिन्हातून.

मी स्वतः प्राथमिकच्या वर्गात शिकवलं आहे म्हणून सांगते, तिसरीच्या वर्गात शिक्षिकेचं निम्मं काम बोलण्याचं नसतंच. बाकांमधून फिरताना एका वहीवर बोट ठेवायचं, दुसऱ्याच्या डोक्यावर टपली मारायची, तिसऱ्याकडे नुसतं बघायचं. मूल अडतं, मान वर करतं, बाई तिथेच असतात. शेजारच्यालाही आलेलं नाही हे त्याला तिरप्या नजरेने दिसतं आणि जिवात जीव येतो. हे सगळं गेल्या दीड वर्षात बंद पडलं आहे. तुमच्या मुलाला ते मिळालं फक्त पहिलीचे काही महिने. तो शाळेत बसायला शिकत होता, तेवढ्यात शाळाच उठली.

अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात केलेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना आधी चित्र काढायला जुने, वापरलेले खडू दिले. थोडं थांबलात तर याहून छान सामान आणून देते, असं बाईंनी सांगितलं. काही मुलांना खरंच छान सामान मिळालं. बाकीच्यांकडे बाई रिकाम्या हाताने परतल्या आणि म्हणाल्या, माफ करा, संपलंय. पुन्हा एकदा स्टिकरच्या बाबतीतही तसंच. मग मार्शमेलो या मऊ गोड मिठाईची ती प्रसिद्ध परीक्षा : हा एक आत्ता खा, किंवा मी येईपर्यंत थांबलास तर दोन. ज्यांना शब्द पाळणारं माणूस भेटलं होतं ती मुलं सरासरी बारा मिनिटांच्या आसपास थांबली. ज्यांची आधी फसवणूक झाली होती ती तीन मिनिटांत उठली. मुलांमध्ये फरक नव्हता, गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले होते. थांबण्यात काही अर्थ आहे की नाही, याचा अंदाज मुलांनी पाच-दहा मिनिटांत बांधला आणि त्याप्रमाणे वागली.

तुमच्या मुलाने हा अंदाज बांधायला दीड वर्ष घेतलं आहे. हात वर केला तर नाव येत नाही, वही दाखवली तर दिसत नाही, "सोमवारपासून शाळा" म्हणतात आणि सोमवार निघून जातो. पलंगाखाली जाणं हे आळशीपणाचं लक्षण असेलही थोडंसं, पण मला त्यात बराच हिशोबीपणा दिसतो. म्हणून स्वभाव बदलायचा विचार सध्या बाजूला ठेवूया. त्याच्या कष्टाला उत्तर मिळेल अशी जागा दिवसातून एकदा तरी घरात तयार करता येते का, एवढंच पाहूया.

त्याआधी घरातली तीन मतं.

वडिलांच्या म्हणण्यामागे काळजी आहे, ती मी नाकारत नाही. फटक्यांनी मूल बसतं हेही खरं आहे. कॅमेरा चालू, पाठ ताठ, नजर पडद्यावर. डोकं मात्र फटका चुकवण्यात गुंतलेलं असतं आणि त्या स्थितीत वजाबाकी शिरत नाही. शिवाय चुकलं की मार, हे एकदा पक्कं झालं की मूल चुकेल असं काही हातातच घेत नाही. आत्ता तो निदान उदाहरण सोडवायला घेतो आणि मग पेन्सिल फेकतो. उद्या घेणारच नाही.

आजींचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. तो लहान आहे, आणि शाळेतल्यासारखं घरात बसवणं हा आपल्या सगळ्यांचाच हट्ट आहे. पण शाळा उघडण्याची वाट पाहणं हा आज तरी बेत होऊ शकत नाही. १७ ऑगस्ट २०२१पासून शाळा सुरू करण्याचा निर्णय निघाला आणि लगेच थांबला, आणि त्या निर्णयातही पहिली ते चौथी नव्हतीच. शिवाय शाळा उघडली म्हणून दुसरीत राहून गेलेलं आपोआप येत नाही. दोन्ही वर्षं परीक्षेशिवाय सगळी मुलं वरच्या वर्गात गेली. ते योग्यच झालं, पण कोणाचं काय राहिलं हे त्यामुळे कोणालाच नीट माहीत नाही.

आणि तुमची सायकल. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या एका बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघा मानसशास्त्रज्ञांनी रंगीत पेनांनी चित्रं काढायची आवड असलेली मुलं निवडली. चित्र काढलंत तर प्रमाणपत्र देऊ, असं काहींना आधी कबूल केलं आणि दिलंही. पुढे मोकळ्या वेळात ती पेनं समोर ठेवली तेव्हा प्रमाणपत्राचा वायदा झालेली मुलं इतरांच्या साधारण निम्मा वेळच चित्रं काढत बसली. याचा अर्थ बक्षीस म्हणजे विष असा नाही. मुळातच नावडतं काम असेल तर छोट्याशा आमिषाने सुरुवात होते, आणि थकलेल्या आईने एखाद्या दिवशी चॉकलेट दाखवलं तर आभाळ कोसळत नाही. सायकलीत अडचण वेगळी आहे. बक्षीस मोठं, दूरचं आणि गुणांना बांधलेलं. सहामाही घरी बसून, तुम्ही शेजारी असताना होणार. मग गुण मिळवायची घाई त्याच्याइतकीच तुम्हालाही होईल, आणि डावा हात पुन्हा कामाला लागेल. जमत असेल तर सायकल घेऊन टाका, पोराचं सायकलीचं वय आहे म्हणून. परीक्षेला मध्ये आणू नका.

डाव्या हाताचा विषय निघालाच आहे. तुम्ही हे लिहिलंत याचं मला बरं वाटलं, कारण असं करणाऱ्या घरांची संख्या थोडीथोडकी नसणार. ग्रुपची रचनाच अशी आहे की वही मुलाची आणि अब्रू आईची. तरीही ते थांबवा, आजपासून. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात चार-पाच वर्षांच्या मुलांना कोडी घातली होती. मूल अडलं की काहींच्या बाबतीत मोठ्या माणसाने हातातून घेऊन स्वतः सोडवून दिलं, काहींना नुसतं सुचवत नेलं. नंतर सगळ्यांना न उघडणारी एक पेटी दिली. ज्यांच्या हातातून काम काढून घेतलं गेलं होतं त्यांनी पेटीचा नाद लवकर सोडला. तुमचा मुलगा तर रोज सकाळी उठून बघतो की रात्री अर्धी सोडलेली वही पूर्ण झालेली आहे. मग त्याने का झटावं?

बाईंना एक व्हॉइस मेसेज पाठवा, ग्रुपवर नको, थेट त्यांना. भाषा तुमची, आशय असा : "यापुढे वहीचा फोटो जसा असेल तसा पाठवीन. अपुरा असेल, चुका असतील, पण त्याच्या हातचा असेल. आठवड्यातून एकदा त्याचं नाव घेऊन त्या वहीबद्दल एक वाक्य बोललात तर फार मदत होईल." बहुतेक शिक्षिका याला हो म्हणतील. त्यांनाही आयांच्या अक्षरातल्या वह्या तपासण्यात रस नसतो. हे मागताना एवढं लक्षात असू द्या की २०२० मध्ये अनेक शिक्षकांनी 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या सरकारी कोरोना सर्वेक्षणात दारोदार फिरून, घरी येऊन रात्री वर्ग घेतले आहेत. मागणं छोटं ठेवा.

दुसरं मागणं शाळेकडे, आणि ते चार पालकांनी मिळून करा. केंद्राच्या मनुष्यबळ विकास (आताच्या शिक्षण) मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये 'प्रज्ञाता' नावाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पहिली ते आठवीसाठी दिवसाला जास्तीत जास्त दोन ऑनलाइन तासिका सुचवल्या आहेत, प्रत्येकी ३० ते ४५ मिनिटांच्या. म्हणजे फार तर दीड तास. तुमच्या घरी तीन तास वर्ग आणि वर एक तास ट्यूशन. आठ वर्षांचं मूल चार तास पडद्यापुढे टिकत नाही यात चिकाटी मोजण्यासारखं काही नाही. मोठ्या माणसांनाही झूमच्या बैठकीत दुसऱ्या तासाला भाजी निवडताना मी पाहिलं आहे. शाळा ऐकेल तेव्हा ऐको, ट्यूशन मात्र तुमच्या हातात आहे. ती बंद करा. तोच तास आपल्याला हवा आहे.

आता त्या तासाचं. खरं तर तास नको, वीस-पंचवीस मिनिटं. फोन दुसऱ्या खोलीत, तुमचाही.

पहिल्या दिवशी फक्त एक गोष्ट शोधा : तो नेमका कुठे अडतो. तुम्ही लिहिलंय की हातच्याच्या वजाबाकीला तो पेन्सिल फेकतो. माझी शंका अशी की अडचण वजाबाकीत नसून त्याच्या आधीच्या पायरीत आहे. त्रेपन्न म्हणजे पाच दशक आणि तीन सुटे, हे त्याने कधी हातात धरून पाहिलंय का? शाळेत दुसरीला काड्यांचे गठ्ठे बांधतात, रबर लावून दहा-दहाचे. ऑनलाइन दुसरीत ते बाईंनी पडद्यावर बांधले असतील, याने बघितले असतील. झाडूच्या काड्या तोडा, पाच गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या समोर ठेवा आणि म्हणा, यातून सतरा काढून दे. सुट्या सात काड्या नाहीत हे त्याला दिसेल. तो काय करतो ते बघत राहा. गठ्ठ्याचं रबर त्याने स्वतःहून सोडलं तर हातचा त्याला कळला, मग वहीवर ते मांडणं दोन दिवसांचं काम आहे. नाही सोडलं तर तुम्हाला मुक्काम सापडला. सरळ दुसरीचं पुस्तक काढा. जुनं रद्दीत गेलं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळी पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत. मागे जायला लाजू नका. सरकारनेच २०२१ मध्ये १ जुलै ते १४ ऑगस्ट असा ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आखला तो मागच्या इयत्तेचं राहिलेलं भरून काढायलाच. तो मोबाइलवर धावतपळत उरकला असेल तर घरी सावकाश करा.

येत नसलेल्या गोष्टीवर मूल टिकत नाही आणि पूर्ण येत असलेल्यावरही टिकत नाही. मधली जागा अरुंद असते आणि ती शोधणं हेच शिकवणाऱ्याचं कसब. म्हणून सुरुवातीला एक उदाहरण तुम्ही मोठ्याने बोलत सोडवा, मधे एकदा चुका, आणि "थांब, हे जास्त झालं, परत मोजते" असं म्हणून दुरुस्त करा. दुसरं दोघांनी मिळून. तिसरं त्याचं. तिसऱ्याच्या वेळी तुमचा हात पेन्सिलीकडे जाईल, तो मांडीखाली ठेवा. तो गप्प झाला म्हणून लगेच बोलू नका. मनात वीस आकडे मोजा. आईसाठी ते फार लांब असतात, मला माहीत आहे, पण त्या वीस आकड्यांतच त्याचं डोकं चालत असतं. तरी अडलाच तर उत्तर सांगू नका, विचारा : "आत्तापर्यंत काय केलंस ते मला सांग." निम्म्या वेळा सांगता सांगताच मुलाला चूक सापडते.

पेन्सिल फेकली तर? फेकू दे. उचलून द्यायची नाही, रागवायचं नाही, समजूतही घालायची नाही. तुम्ही पाच मिनिटं दुसरं काही करा. मग त्याला सांगा, हे उदाहरण गोल करून ठेव, उद्या बघू. आणि उद्या खरोखर बघा. हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि आपण नेमका तोच विसरतो. कालचं गोल केलेलं उदाहरण आज सुटलं, हे त्याला वहीत स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की पुढच्या गोलाची भीती कमी होते. खोडरबर या वीस मिनिटांपुरतं लपवून ठेवा. चुकलेलं एका रेघेने खोडायचं आणि खाली पुन्हा करायचं, म्हणजे आपण किती वेळा प्रयत्न केला ते कागदावर राहतं. व्यवस्थितपणाची आवड असलेल्या आयांना अशी वही बघवत नाही. बघा.

सकाळच्या वर्गासाठी आजींना एक काम द्या. अभ्यास घेण्याचं नाही, सोबत बसण्याचं. त्या शेजारी बसून भाजी निवडतील, वाती वळतील, जपमाळ ओढतील, काहीही. शाळेत दहा जण आजूबाजूला काम करत असतात, घरात तो एकटा असतो. त्यांना एवढंच सांगा की त्याला उत्तर पुरवायचं नाही आणि "बस नीट" म्हणायचं नाही. वर्ग संपल्यावर त्याने आजीला एक गोष्ट शिकवायची, जी त्यांना येत नाही. इंग्रजीतली दिवसांची नावं चालतील. आजी मुद्दाम चुकल्या तर तो त्यांच्यावर किती संयमाने खेकसतो ते बघा, तुमचीच नक्कल असेल.

कॅमेऱ्यावरून रोज भांडू नका. बोलून ठरवा : गणिताला चालू, बाकी तासांना त्याची मर्जी, पण मर्जी झाली तरी पलंगावरच, पलंगाखाली नाही. मध्ये पाच मिनिटं उठून अंगणात, जिन्यात, गच्चीत एक फेरी मारायची मुभा बाईंना सांगून घ्या.

जावेच्या मुलीबद्दल मी फार बोलणार नाही. ती शेवटपर्यंत बसते हे तुम्हाला दिसतं, तिच्या डोक्यात काय जातं हे कोणालाच दिसत नाही. शांत बसणाऱ्या मुलांचं ऑनलाइन वर्गात सगळ्यात जास्त नुकसान होत असावं असं मला वाटतं, कारण त्यांची कोणी काळजीच करत नाही. दोघं एका वर्गात आहेत तर त्यांना रविवारी एकत्र बसवा, तोंडाला मास्क लावून, खिडक्या उघड्या ठेवून. ती त्याला वाचून दाखवील, तो तिला भोवरा शिकवील. हातजाळी शिकवताना तो काय काय बोलतो ते दाराआडून ऐका. "असं नाही, जाळी घट्ट धर, परत टाक, जमेल." हीच वाक्यं तुम्हाला वजाबाकीच्या वेळी उपयोगी पडतील, आणि ती त्याची स्वतःची असल्यामुळे त्याला टोचणार नाहीत. "शाब्बास, हुशार आहेस" यापेक्षा "काल तू मला विचारलंस, आज स्वतः रबर सोडलंस" हे त्याला जास्त पोचेल. पण उगाच प्रत्येक गोष्टीत मेहनतीचं कौतुकही करत सुटू नका. चुकीच्या रीतीने तासभर झटणाऱ्या मुलाला कौतुक नको असतं, दुसरी रीत हवी असते.

गणपती तोंडावर आले आहेत. उकडीचे मोदक करताना तुमची पारी फाटली तर त्याला बघू द्या, आणि तुम्ही ती पुन्हा मळून घेता हेही बघू द्या. भाषण नको. पंधरा महिन्यांची बाळंसुद्धा मोठ्या माणसाला धडपडून एखादी गोष्ट जमवताना पाहिली की स्वतः जास्त वेळ धडपडतात, असं २०१७ मध्ये एका प्रयोगात दिसलं होतं. मुलांना आपण आपली यशं दाखवतो आणि धडपड दार लावून करतो.

हे सदर वाचणाऱ्या ज्या घरांत एकच फोन आहे आणि तो वडिलांबरोबर रानात किंवा कारखान्यात जातो, त्यांना वरच्या बऱ्याच गोष्टी तुमच्या घरापेक्षा सोप्या जातील. काड्या, वही आणि वीस मिनिटं यांना नेट लागत नाही. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर २० जुलै २०२० पासून 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीसाठीची मालिका सुरू झाली, ती मला म्हणूनच आवडली : घरातल्याच वस्तू घेऊन मुलं काहीतरी करून बघतात आणि त्यातून पाठ उलगडतो. नुसती बघण्याऐवजी बंद करून तेच घरी करून पाहिलं तर तिचा उपयोग. इंग्रजी माध्यमातल्या ज्या आयांना वाटतं की आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून आपण मदत करू शकत नाही, त्यांनी गठ्ठे मराठीत सोडावेत. दशक कुठल्याही भाषेत दहाचाच असतो.

एक गोष्ट मात्र चिकाटीच्या नावाखाली दाबून टाकू नका. त्याचं डोकं दुखतं का, तो डोळे बारीक करून किंवा वही नाकाशी नेऊन बघतो का, हाक मारली तर एकदाच्या जागी तीनदा मारावी लागते का? दीड वर्ष मोबाइलच्या पडद्याकडे बघणाऱ्या मुलाची नजर आधी तपासून घ्या, मग स्वभावाबद्दल बोलू. तिसरीतही साधे दोन-तीन अक्षरी शब्द वाचताना तो अडखळत असेल, अक्षरं उलटसुलट करत असेल आणि रोज वाचून घेऊनही फरक पडत नसेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यायला हवी, तिथे जोर लावून उपयोग नसतो. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत घरात किंवा शेजारी कोणी गेलं असेल तर तेही विचारात घ्या. मुलं त्याबद्दल बोलत नाहीत, पलंगाखाली जातात.

सहा आठवडे हे करून पाहा. रोज जमणार नाही, तुमची नोकरी आहे, त्यांची रात्रपाळी आहे. आठवड्यातून चार दिवस जमले तरी पुष्कळ. ज्या दिवशी तुम्ही स्वतः वैतागलेल्या असाल त्या दिवशी वही उघडूच नका. त्याच्या वडिलांनाही यातला एक वार द्या, आणि त्या वारी तुम्ही खोलीत जाऊ नका. फटक्यांची भाषा करणारा बाप काड्या मोजायला बसला की बहुतेक वेळा दहा मिनिटांत मुलाइतकाच रंगतो.

आणि शाळा जेव्हा कधी उघडेल तेव्हा त्याच्या दप्तरात ही खाडाखोडीची, गोलांची वही ठेवा. पहिल्या आठवड्यात बाईंना भेटून ती दाखवा आणि सरळ सांगा की हा तिसरीत आहे पण हातच्यापाशी सप्टेंबरात पोचला. नव्याने वर्ग बांधणाऱ्या शिक्षिकेला प्रगतिपुस्तकापेक्षा त्या वहीतून जास्त कळेल, आणि कुठून सुरुवात करायची हे तिला शोधत बसावं लागणार नाही.